भरलेला रेडिएटर

१

तुमच्या दारात एखादी जुनी गाडी उभी असेल, तर एक सांगा. तिच्या मागून निघणाऱ्या धुराकडे तुम्ही कधी थांबून बघितलंय का?

विजयाने बघितलं नव्हतं. लग्न होऊन ती रायपूरला आली तेव्हापासून दारात ट्रक उभा असायचाच. पण धूर दिसला की नाकाला पदर लावून बाजूला व्हायचं, एवढंच तिला ठाऊक. धुराला रंग असतो आणि रंगाला अर्थ असतो, हे तिला या वैशाखात कळलं. काळा धूर निघाला तर गाडी डिझेल जास्त खाते. निळा निघाला तर ऑइल जळतं. आणि पांढरा निघाला, निघतच राहिला, तर जिथे पाण्याचं काही काम नाही अशा जागी पाणी शिरतं आहे.

तिचा नवरा भार्गव खानझोडे रोपं विकायचा. पुरानी बस्तीतल्या त्यांच्या घराला लागून थोडी मोकळी जागा होती. तिच्यावर हिरवी जाळी बांधून त्याने मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, पाम अशी रोपं मांडली होती. उजाडता उजाडता तो छोटा ट्रक काढून अभनपूरकडच्या नर्सऱ्यांत जायचा, ऊन डोक्यावर यायच्या आत माल घेऊन परतायचा आणि मग तेलीबांध्याच्या नव्या बंगल्यांत रोपं पोचवायचा. विजयाकडे काम होतं पोत्यांचं. तागाची पोती हौदात बुडवून ती गाडीत टाकायची. नर्सरीत भार्गव ती पुन्हा चिंब करायचा आणि रोपांवर पांघरायचा, म्हणजे लूने, उन्हाळ्याच्या झळांच्या वाऱ्याने, पानं होरपळत नाहीत. दोन माणसांचा संसार आणि एक मुलगी, सगळं या एका गाडीवर चालायचं. पण विजयाला विचाराल, तर गाडीचं तिला काही नव्हतं. गाडीतून उतरणारा माणूस रोज हसत उतरावा, एवढंच तिचं मागणं.

त्या दिवशी ट्रक गल्लीत वळला तो पांढरा धूर सोडतच. जळल्यासारखा नव्हे, भाताच्या पातेल्यावरून झाकण काढलं की निघतो तसा, जाड आणि मऊ.

"काय हो, गाडी बिडी प्याले लागली का?"

"म्हातारी झाली ना. म्हाताऱ्यांना कोण अडवते?" भार्गव हसत उतरला. "पाणी दे अगोदर."

त्याने उभ्या उभ्या तांब्या संपवला आणि पुन्हा पुढे केला.

विजया मागचं फळकं पाडून पोती काढायला गेली. हातात आलेलं पोतं पापडासारखं कडक होतं. तिने घडी घालायला वाकवलं तर ते मोडलं.

"अहो, आज नर्सरीत पोती भिजवली नाही काय?"

"भिजवली ना! पाणी टपकून राहिलं होतं गाडीत टाकली तेव्हा."

तिने एका पिशवीतल्या मातीत बोट खुपसलं. पिठात जावं तसं ते आत गेलं. कढीपत्त्याची पानं हिरवीगार होती, तजेलदार दिसत होती, पण तिचा हात लागला आणि त्यांचा हिरवा भुगा झाला.

"लू पाहिली काय केवढी आहे?" भार्गव म्हणाला. "माणूस वाळून राहिला, तिथं रोपांचं काय?"

खरंच होतं ते. वैशाखातलं रायपूर, सकाळी घातलेलं धुणं बादली रिकामी होईपर्यंत वाळतं. विजयाने भुगा झटकला. धुराचा वास मात्र अंगणात रेंगाळला होता. डिझेलचा नव्हता. नवं मडकं पहिल्यांदा भरलं की येतो, तो वास होता. रोपवाल्याच्या घरात ओल्या मातीचा वास यायचाच, असं म्हणून ती आत गेली.

२

शिशिर मिस्त्रीचं गॅरेज रिंग रोडवर. तो मूळचा तात्यापाऱ्यातला, म्हणजे रायपुरातल्या जुन्या मराठी वस्तीतला; भार्गवला भाऊ म्हणायचा आणि विजयाला काकू. भार्गवने गाडी दाखवायला आणली त्या दिवशी विजयाला गोल बाजारातून जाळीची दोरी आणायची होती, म्हणून तीही गाडीत बसून आली होती. उन्हात कुठे जाणार, म्हणून गॅरेजमधल्या कूलरसमोर बाकावर बसली आणि शिशिर काय करतो ते बघत राहिली.

"भाऊ, गाडीची पूजाबिजा केली होती काय? ढग निघून राहिले मागून," शिशिर म्हणाला. त्याने एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर धरला. मग पुठ्ठा विजयाकडे आणून दाखवला. "हे पाहा काकू. डिझेल कच्चं निघत असतं तर हाताले चिकट लागलं असतं, डोळे झोंबले असते. हे निव्वळ पाणी आहे."

पुठ्ठा ओला होता. शिशिरने तो हुंगला, जरा थांबला, पुन्हा हुंगला.

"काय रे?"

"काही नाही. कूलंट असलं तर गोडसर वास येतो. हा... वेगळाच आहे." त्याने पुठ्ठा फेकून दिला. "म्हणजे गॅसकेट गेलं. इंजिनच्या दोन भागांच्या मधात एक पत्रा असतो काकू, तो फाटला की रेडिएटरचं पाणी आत जाते आणि वाफ होऊन मागून निघते. रेडिएटर रोज खाली होत असेल ना भाऊ?"

"नाही ना," भार्गव म्हणाला. "तेच तर सांगून राहिलो. मागच्या पंधरवड्यात पाइप फुटला होता तेव्हा भरला. त्याच्यानंतर एक थेंब नाही टाकला."

"काहीही." शिशिरने फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं.

पाणी काठोकाठ होतं. इतकं, की झाकण निघताच थोडं बाहेर आलं. शिशिरने गाडी चालू ठेवून त्यात बुडबुडे येतात का बघितलं. आले नाहीत. ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसली. पाणी शिरलं तर ऑइल दुधाच्या चहासारखं होतं म्हणे. ऑइल स्वच्छ होतं. मागून धूर निघतच होता.

"मंग हे पाणी येऊन कुठून राहिलं?" भार्गवने विचारलं.

शिशिर हसला. अजून त्याला हसता येत होतं. "गाडी माहेरून आणून राहिली असेल. सोडा इथं. इंजिनचं वरचं हेड उतरवतो, सगळं बाहेर येईल."

विजयाने तेव्हा भार्गवकडे बघितलं. तो गॅरेजच्या माठाजवळ उभा होता. पेला भरायचा, पुन्हा भरायचा. गॅरेजमधल्या सगळ्यांच्या पाठी घामाने चिकटल्या होत्या. भार्गवचा सदरा इस्त्री केल्यासारखा कोरडा होता.

३

हेड उतरलं. लेथवाल्याकडे जाऊन घासून आलं, पाण्याच्या दाबाखाली तपासून आलं. कुठे चीर नव्हती. जुनं गॅसकेट शिशिरने उन्हात धरून आरपार बघितलं, धडधाकट होतं. तरी नवं टाकलं. नोझल तपासली. सगळं जोडून झाल्यावर भार्गव आणि विजया गाडी न्यायला गेले. शिशिरने चावी फिरवली.

पांढरा धूर.

शिशिरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो खाली बसला, रेडिएटरचा खालचा नळ उघडला आणि सगळं पाणी जमिनीवर सोडून दिलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबला. वरून झाकण काढून टॉर्च मारली. आत कोरडं होतं.

"आता पाहू कुठून आणते."

"शिशिर, इंजिन जळेल," भार्गव म्हणाला.

"अर्ध्या मिनिटात काही नाही जळत."

गाडी सुरू झाली. क्षणभर मागे काहीच नव्हतं. मग सायलेन्सरमधून धूर आला. आधीपेक्षा जाड. तो वर गेलाच नाही. जमिनीला धरून गॅरेजभर पसरला आणि विजयाच्या घोट्यांना गार लागला. इंजिनमधून निघालेला धूर, आणि गार.

त्याच वेळी तिच्यामागे कूलर खडखडायला लागला. पाणी संपल्यावर कूलरचा पंप जसा सुका ओरडतो, तसा. शिशिरने वळून बघितलं. "अरे, आत्ता तर टाकी भरली होती," तो पुटपुटला. त्याने कूलरची जाळी काढली. गवत वाळलेलं होतं. टाकीच्या तळाला बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली.

त्याने गाडी बंद केली. बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिला. मग जीभ ओठांवरून फिरवून म्हणाला, "भाऊ, घेऊन जा गाडी."

"अरे पण झालं काय तिले?"

"मले नाही माहीत. दुसऱ्या कोणाले दाखवा." मग विजयाजवळ येऊन हळू आवाजात, "काकू, भाऊंना कमी चालवू द्या."

"काहून रे?"

रिकामा केलेला रेडिएटर भरायला शिशिर बादली घेऊन गेला. झाकण काढलं, आणि बादली तशीच खाली ठेवली.

रेडिएटर काठोकाठ भरलेला होता.

४

माणूस स्वतःची समजूत किती परींनी घालू शकतो, ते विजयाकडून शिकावं. शिशिरने घाईत नळ नीट उघडला नसेल. कूलरची टाकी गळत असेल. उन्हाने सगळ्यांचंच डोकं फिरलं आहे. घरी येईपर्यंत तिने हे सगळं मनात लावून ठेवलं, डबे लावावेत तसं.

पण गाडी अंगणात, खिडकीखाली उभी राहायची. आणि दुपारी, सगळी गल्ली दारं लावून पडलेली असताना, विजयाला आवाज ऐकू यायचा. घुटुक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, घुटुक. एखाद्याने मान मागे टाकून घोट घ्यावा तसा. लोखंड निवतं तेव्हा वाजतं, असं ती स्वतःला सांगायची. गाडी सकाळपासून उभी असायची, हे त्यात बसत नव्हतं.

भार्गव पाणी पीत होता. इतकं, की हंडा दिवसातून पुन्हा पुन्हा भरावा लागे. पण ते पाणी जात कुठे होतं? त्याला घाम येत नव्हता. तो बाथरूमकडे फारसा जात नव्हता. गालांची कातडी हाडाला लागली होती. एकदा तिने त्याच्या हाताला तेल लावलं तर तेलसुद्धा वर राहिलं नाही.

तिने चावी तांदळाच्या डब्यात लपवली.

"विजे, चावी दे. बंगल्यावाले फोन करून राहिले."

"करू द्या. तुम्ही आरसा पाहिला काय?"

"पाहिला. हँडसम दिसून राहिलो. लग्नात एवढाच तर बारीक होतो."

"लग्नात तुमचं पोट माझ्या अगोदर मांडवात आलं होतं," ती म्हणाली, आणि दोघं हसले. हसताना भार्गवचा खालचा ओठ चिरला. विजया वाट बघत राहिली. चिरेतून रक्त आलं नाही.

चार दिवस तो घरी बसला. गाडीला हात लावला नाही. तिला वाटलं होतं, त्याने फरक पडेल. पडला नाही, उलट खिडकीबाहेर घुटुक लवकर लवकर येऊ लागलं.

मुलगी देवश्री नवा रायपूरला एका ऑफिसात नोकरीला होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत द्यायची. तिने बापाचा हात धरून बघितला आणि आईवर डाफरली. "मम्मी, आप लोग भी ना! डिहाइड्रेशन है ये. गाडी-वाडी छोड़ो, पापा को दिखाओ पहले."

दवाखान्यात डॉक्टरही तेच म्हणाले आणि सलाइन लावलं. विजयाला इतकं बरं वाटलं की तिने डॉक्टरांना हात जोडले. ती खाटेजवळ स्टुलावर बसली. बाटलीतून थेंब पडत होते, हळूहळू, नीट. तिने डोळे मिटले असतील, नसतील.

"किसने खोला इसको?" नर्स रागावून विचारत होती. बाटली रिकामी होती. "पूरा एकदम से चढ़ा दिया? हाथ सूज जाएगा!"

हात सुजला नव्हता. दुसरी बाटली लावली. नर्सने थेंब कमी-जास्त करायची चकती स्वतः फिरवून ठेवली आणि विजयाकडे रोखून बघितलं. नर्स खोलीच्या दाराशी पोचेपर्यंत तीही बाटली संपली. बाटलीच्या बाजू आत ओढल्या गेल्या होत्या.

"मम्मी, आपने छुआ क्या?" देवश्रीने विचारलं.

विजयाने नकारार्थी मान हलवली.

५

घरी आणल्यावर ती त्याच्या उशाशी बसली. बाहेर ऊन रणरणत होतं. तिने पोराला विचारावं तसं हळू विचारलं.

"अहो, पाइप फुटला होता त्या दिवशी. रेडिएटरमध्ये पाणी कुठलं टाकलं होतं?"

भार्गवने आठवायला वेळ घेतला. "अभनपूरच्या अलीकडे. पिंपळ आहे ना रस्त्याच्या कडेले, नाल्याजवळ. पाण्याचा डबा घरी राहिला होता. टपरी बंद होती, हँडपंप बिघडून पडला होता. पिंपळाले मडकं टांगलं होतं."

"मडकं?"

"हव. बुडाले बारीक छेद, त्यात वात. टपकून राहिलं होतं. मले वाटलं, आपल्यासारखाच कोणी शहाणा असेल, झाडाले पाणी देऊन राहिला. आपण नाही काय आंब्याच्या कलमापाशी ठेवत? म्हटलं, एवढ्या मोठ्या पिंपळाले काय गरज. काढलं अन् ओतलं."

"सगळं?"

"सगळं. मडकं परत टांगून दिलं. चोरी थोडी केली."

विजयाच्या हातातला पंखा थांबला.

आपल्या मराठी लोकांत ती मडकं टांगायची रीत नाही. पण या गल्लीत राहून तिने ती कितीदा बघितली होती. शेजारचे म्हातारबाबा वारले तेव्हा त्यांचा मुलगा रोज सकाळी अनवाणी, लोटा घेऊन तळ्याकाठच्या पिंपळाकडे जायचा. गेलेल्या माणसाला तहान फार लागते म्हणतात. दहा दिवस त्याचं पाणी असं टांगून ठेवतात, थेंब थेंब पडणारं. त्याला दुसरं पाणी घेता येत नाही.

भार्गव जन्मापासून रायपूरचा. पण त्याचा धंदा असा, की पिंपळाकडेसुद्धा तो झाड म्हणूनच बघत आला होता.

"ते झाडासाठी नव्हतं," ती म्हणाली.

भार्गवने ओठांवरून जीभ फिरवली. जिभेचा आवाज झाला, वाळल्या पानावरून वाळलं पान ओढल्यासारखा.

"मले काय माहीत?" तो लहान मुलासारखं म्हणाला. "विजे, मले काय माहीत?"

६

ती गोल बाजारात गेली. कुंभारणीला म्हणाली, लहान मडकं हवं, बुडाला छेद करून.

कुंभारणीने मडकं उचलता उचलता सहज विचारलं, "कोन गुजर गे, दीदी?"

कोण वारलं? "कोणी नाही," विजया म्हणाली. बाईने तिच्याकडे बघितलं, मडकं तिच्या हातात न देता जमिनीवर ठेवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

देवश्री ऑफिसला गेली होती. सांगितलं असतं तर तिने जाऊ दिलं नसतं. भार्गव म्हणाला, मी नेलं, मीच देतो, आणि भिंत धरून गाडी चालवायला चढला. विजयाने घरून पाणी घेतलं नाही. त्या गाडीत ठेवलेलं पाणी पोचत नाही, एवढं तिला आता कळलं होतं. रिकाम्या कॅन घेतल्या. वाटेत मागे वळून बघितलं तर रस्ता दिसत नव्हता. सगळा पांढरा पडदा.

पिंपळाजवळची टपरी आज उघडी होती, तिच्या बाजूचा हँडपंपही दुरुस्त झालेला. ऊन असं होतं की झाडाची सावली बुंध्याला चिकटून बसली होती. मुळांशी खापऱ्या पडल्या होत्या.

"दशगात्र हो गे, दीदी," टपरीवाली बाई आपणहून म्हणाली. "घड़ा फोड़ दिन. अब कोनो पानी नइ देवय."

दहावा होऊन गेला. मडकं फोडलं. आता कोणी पाणी देत नाही.

भार्गवने ट्रकच्या हौद्यात उभं राहून नवं मडकं फांदीला बांधलं. तेवढ्यानेच त्याचे पाय गेले. विजयाने त्याला उतरवून पुढच्या सीटवर बसवलं, पंप मारून कॅन भरली, पदर खोचून वर चढली आणि मडक्यात ओतायला लागली. मनात काही मंत्र नव्हता. नुसतं म्हणत होती, घ्या, तुमचंच आहे, चुकून नेलं, घ्या.

एवढंसं मडकं. कॅन संपली तरी भरलं नाही. तिने आत बघितलं. तळ जेमतेम ओला होता. छेद मोठा झाला असेल म्हणून वाकून खाली बघितलं. वात कोरडी. जमीन कोरडी.

ती दुसरी कॅन भरून आली. ओतताना मडक्यातून आवाज आला. घुटुक.

तिने थांबायला हवं होतं का? मला नाही माहीत. तुम्ही असता तर थांबला असता का? ती पुन्हा उतरली, पुन्हा भरली. खांदे भरून आले, पदर सुटला. टपरीवालीने एकदा तिच्याकडे, एकदा मडक्याकडे बघितलं, मुकाट्याने टपरीवर पोतं ओढलं आणि शेताच्या वाटेने निघून गेली. मग हँडपंप हलका झाला. दांडा खालीवर होत होता, तोंडातून नुसती हवा येत होती, धापा टाकल्यासारखी.

शेवटची कॅन ओतून विजयाने ओला तळहात मडक्याखाली धरला. एक थेंब, एक जरी थेंब पडला, तर घेतलं असं समजायचं. थेंब पडला नाही. छेदाच्या जागी काहीतरी तिच्या तळहाताला लागलं. खरखरीत, वासराच्या जिभेसारखं, पण कोरडं. ते मनगटापासून बोटांपर्यंत फिरलं, सावकाश, आणि हात कोरडा झाला.

ती ओरडली नाही. ओरडायला तोंडात ओल लागते.

"विजे," पुढून भार्गवचा आवाज आला. "भरलं काय?"

ती कशीबशी उतरून त्याच्या दाराशी गेली. "भरलं," खोटं बोलली. "भरलं हो. चला, घरी जाऊ."

"मंग मले काहून प्यास लागून राहिली?"

गाडी बंद होती. चावी तिने उतरतानाच काढून कमरेला खोचली होती. आणि त्या उन्हात, पत्रा हाताला चटके देत होता त्या उन्हात, भार्गवच्या तोंडातून प्रत्येक शब्दाबरोबर वाफ निघत होती. पांढरी, जाड, मऊ. ती वर जात नव्हती. त्याच्या हनुवटीवरून, छातीवरून उतरून दारातून बाहेर वाहत होती आणि गाडीच्या कडेने मागे चालली होती, पिंपळाकडे. नव्या मडक्याचा वास सुटला होता.

विजयाने पदराचा बोळा केला आणि त्याच्या तोंडावर दाबून धरला. काय करतो आहोत हे तिला कळत नव्हतं. बाहेर जातंय ते आत राहावं, एवढंच. भार्गवने तिचा हात काढला नाही. तो तिच्याकडे बघत होता, डोळ्यांत भीती होती, पण पाणी नव्हतं.

पदर ओला होत गेला. तिने दुसरं टोक घेतलं. तेही भिजलं. एका हाताने तिने देवश्रीला फोन लावला, कुठे आहोत ते सांगितलं, आणि ती येईपर्यंत तशीच उभी राहिली, एक टोक पिळून त्याच्या ओठांत सोडत, दुसरं दाबून धरत. तिच्या पाठीमागे, वर फांदीवर, कोणी तरी सावकाश घोट घेत होतं.

७

देवश्रीने भार्गवला दवाखान्यात हलवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथेच वारला. शिशिर त्या वेळी पिंपळाखालून गाडी आणायला गेला होता, त्याला काही माहीत नव्हतं. एका चावीत सुरू झाली, काकू, आणि मागे धुराची रेघसुद्धा नाही, हे सांगायला त्याने फोन केला, आणि विजया बरं म्हणाली. दुसरी गाडी मिळेना म्हणून भार्गवला तिच्यातूनच घरी आणलं. उचलायला चार जण पुढे झाले होते, पण दोघांनीच सहज उचललं.